दशांशाच्या वाट्या

माझ्या नोकरीबद्दल नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला आहे. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं म्हटलं की लग्नाकार्यात कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, "हा सारखा हँग का होतो गं?" मला तो दुरुस्त करता येत नाही. मग ते एकमेकांकडे बघतात. पंचवीस वर्षं ही करते तरी काय, असा त्या बघण्याचा अर्थ असतो. खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मलाही तोच प्रश्न पडला होता.

मी कर्नल लिहिते. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला तो प्रोग्राम, जो बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना एका घरात नांदवतो. आमची कंपनी अंधेरी पूर्वेला गाळ्यांच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे. खालच्या मजल्यावर खोके छापतात, त्यामुळे दिवसभर शाईचा वास. आम्ही रक्त तपासायची यंत्रं बनवतो. रक्ताची नळी आत ठेवायची, हिरवं बटण दाबायचं, यंत्र रक्त ओढून पेशी मोजतं, मग पडद्यावर "थांबा" अशी अक्षरं येतात आणि तीनेक सेकंदांत हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे सगळे आकडे ओळीने उमटतात. त्या तीन सेकंदांत यंत्र गणित करत असतं. दशांशांचं गणित, आणि भरपूर.

आता इथे मला थोडं सांगावंच लागेल, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. प्रोसेसरमध्ये दशांशांची गणितं करायला वेगळ्या जागा असतात, मोजक्याच. मी मनात त्यांना वाट्या म्हणते. समजा, मी ओट्यावर करंज्यांचं साहित्य वाट्यांमध्ये मोजून मांडलंय. तेवढ्यात बेल वाजते आणि मी दार उघडायला जाते. घरातलं कुणीतरी येतं, माझ्या वाटीतली पिठीसाखर ओतून देतं, त्याच वाटीने स्वतःपुरती तांदळाची पिठी मोजतं आणि उरलेल्या पिठीसकट वाटी जागच्या जागी ठेवून जातं. मी परत येते. वाटी तिथेच, आत पांढरं काहीतरी तसंच. मी ती निर्धास्त परातीत पालथी करते. करंज्या बिघडतात आणि बिघडल्या का, ते मला जन्मात कळत नाही.

हे होऊ नये म्हणून कर्नल असतो. एका प्रोग्रामला बाजूला करून दुसऱ्याला ओट्याशी उभं करायचं, तर आधी पहिल्याच्या वाट्या जशाच्या तशा झाकून आत ठेवायच्या, आणि त्याची पाळी आली की होत्या तशा मांडून द्यायच्या. पण सारख्या वाट्या आत-बाहेर करण्यात वेळ जातो. म्हणून कर्नलने स्वतःपुरता एक नियम घालून घेतला आहे. कुणी बटण दाबलं, कुणी पडद्याला बोट लावलं, तर असल्या किरकोळ कामासाठी मध्येच स्वयंपाकघरात शिरताना वाट्यांना हात लावायचा नाही. पूर्णांकांत काम उरकायचं आणि निघायचं. वाटी वापरावीच लागली, तर आधी झाकून ठेवा, मग वापरा. हा नियम मी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते आणि ऐकलंय असं वाटलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगते. या बाबतीत मी फार कडक आहे अशी माझी ख्याती आहे.

तर त्या पावसाळ्यात घाटकोपरच्या एका रुग्णालयातून मेल आली. आमच्या नव्या मॉडेलने दोन महिन्यांत सात अहवाल चुकीचे दिले होते. एका आजोबांच्या प्लेटलेट इतक्या कमी दाखवल्या की त्यांना दोन दिवस भरती करून ठेवलं. दुसऱ्यांदा तपासल्यावर सगळं ठीक. नातेवाइकांनी दंगा केला. मेलमध्ये पुढे लिहिलं होतं की सातही चुका सकाळच्या पाळीतल्या आहेत आणि सकाळी एकच तंत्रज्ञ बाई असतात. त्यांना दोन मेमो दिलेले आहेत. त्यांचं अकरा महिन्यांचं कंत्राट महिनाअखेरीला संपतंय. यंत्रात दोष नाही असं कंपनीने लेखी कळवावं, म्हणजे कंत्राट पुढे न वाढवण्याचा निर्णय घेता येईल.

आमचा सर्व्हिसवाला दोनदा जाऊन आला होता. नळ्या बदलल्या, पंप बदलला, आरसा पुसला, सगळं तपासलं. यंत्र झकास. मग माझ्याकडे आलं. मी आमच्या टेबलावरच्या यंत्रावर तीन दिवस सतत एकच नमुना चालवला, हजार वेळा तरी चालवला असेल. एकही आकडा हलला नाही. यंत्र दोषी नाही, म्हणजे बाई दोषी. हे गणित इतकं सोपं होतं की मला त्यात दशांशही लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याच बाईंचा मला फोन. सर्व्हिसवाल्याने पीडा टळावी म्हणून माझा नंबर देऊन टाकला होता.

"मॅडम, मी घाटकोपरवरून बोलते. मशीनबद्दल."

"ताई, तुम्ही नळी टाकायच्या आधी नीट हलवता ना? वर-खाली आठ-दहा वेळा?"

"हलवते हो. एकोणीस वर्षं हलवतेय."

"मग गुठळी राहत असेल."

"नाही राहत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, एक सांगू? हसू नका. जे जास्त आजारी असतात ना, त्यांचंच चुकतं. साध्या चेकअपवाल्यांचं नाही चुकत."

मी हसले नाही, पण त्याहून वाईट केलं. मी सुस्कारा टाकला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "ताई, यंत्राला कसं कळणार कोण जास्त आजारी आहे ते?"

"तेच तर मी पण म्हणते," ती म्हणाली. "पण चुकतं त्यांचंच."

फोन ठेवल्यावर मी शेजारच्या टेबलाकडे बघून कपाळावर हात मारून घेतला. आता हे लिहिताना तो हात आठवला की मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण त्या बाईने मला सात शब्दांत बगचं, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीचं, नाव-गाव सांगितलं होतं, आणि मी तिला नळी हलवायला शिकवत होते.

आमचा मालक आणि मी एकाच वर्षी कॉलेजातून बाहेर पडलो, त्यामुळे आमचं अरे-तुरे. तो म्हणाला, "दे ना लिहून. यंत्रात दोष नाही. विषय संपला."

"दे काय दे? मी बघितलेलं नाही तिथलं यंत्र."

"अगं, हजार वेळा चालवलंस ना? अजून काय, पत्रिका बघणार आहेस त्याची?"

मला त्या बाईची दया आली होती असं मी म्हणणार नाही. मला नुसता राग आला होता. सात चुका आहेत आणि मला त्यांचं कारण माहीत नाही, याचा. तेवढ्यासाठी मी गेले. मुलुंडच्या माझ्या घरून घाटकोपर म्हणजे नकाशावर एवढंसं, पण एलबीएस रोड मेट्रोसाठी खणलेला, पत्रे लावलेले, रिक्षा भांडुपलाच अर्धा तास उभी. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, चालत गेलात तर लवकर पोहोचाल." आणि मीटर चालूच.

प्रयोगशाळा तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी. खोली लहान, पण लख्ख. बाई चाळिशीतली, उभ्या अंगाची, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या एप्रनला दोन मोठे खिसे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर गावी मालवणकडे गेले. ती इथेच राहून शिकली. हे मला तिने नाही, चहा आणणाऱ्या मावशींनी सांगितलं. ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी कोपऱ्यात स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसले आणि पाळी संपेपर्यंत तिच्या हातांकडे बघत राहिले. नळी हलवणं, झाकण उघडणं, ठेवणं, नाव टाकणं, सगळं मापात. माझ्या ऑफिसात इतक्या शिस्तीत कुणी चहाही करत नाही. एकही आकडा चुकला नाही.

दुसरा दिवसही तसाच. दुपारी मी आवरायला घेतलं. माझा संशय तिच्यावरून उडाला होता आणि तो कुठे जाऊन बसावा ते कळत नव्हतं. डोकं नुसतं भणभणत होतं. तेवढ्यात वॉर्डातून आया पळत आली. पाच-सहा वर्षांची मुलगी, चार दिवसांचा ताप, डेंग्यूचा संशय, डॉक्टर आकड्यासाठी खोळंबलेत. बाहेर बाकावर मुलीची आई पदराने तोंड दाबून बसलेली दिसत होती.

बाईने नळी ठेवली. हिरवं बटण दाबलं. यंत्र घरघरलं, पडद्यावर "थांबा" आलं. आणि मी तिथे आहे हे ती विसरली. तिने उजवा हात उघडून अख्खा तळवा पडद्यावर टेकवला, आजारी माणसाच्या कपाळावर टेकवतात तसा, पुटपुटली, "सांभाळ रे म्हाराजा," आणि हात काढून छातीला लावला.

आकडे आले. प्लेटलेट अकरा हजार.

तिचा चेहरा पांढरा पडला. ती अहवालाची प्रत काढायला वळली आणि मी जवळजवळ ओरडले, "थांबा! परत लावा. तीच नळी. आता हात नका लावू."

परत लावलं. एक लाख चाळीस हजार. पुन्हा लावलं, एक लाख एकेचाळीस. तिने आधी डॉक्टरांना आकडा कळवला, मगच माझ्याकडे वळली.

"ताई, मघाशी जे केलंत ते पुन्हा करा."

"काय केलं मी?"

"हात ठेवलात तो. तसाच ठेवा."

तिला वाटलं मी झापतेय. मान खाली घालून म्हणाली, "सॉरी मॅडम. सवय आहे. प्रत्येकाला नाही करत. ज्यांचं जरा जास्त असतं, त्यांच्यासाठीच."

ज्यांचं जास्त असतं, त्यांच्यासाठीच. फोनवर ती हेच म्हणाली होती. "मशीनला नमस्कार करता?" मी विचारलं.

"मशीनला कशाला? देवाला. पण आकडा तिथून येतो ना, म्हणून तिथे." मग हळूच म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून काल केला नाही."

आम्ही त्याच नळीवर दहा वेळा करून बघितलं. ती तळवा टेकवायची, मी आकडे उतरवायचे. तीनदा आकडा भलतीकडे गेला. बोट टेकवलं तर काही होत नव्हतं. बोट म्हणजे पडद्याच्या दृष्टीने एक स्पर्श. तळवा म्हणजे शेकडो, धडाधड, एकामागून एक. आणि सगळे नेमके त्या तीन सेकंदांत, जेव्हा वाट्या भरलेल्या असतात आणि जगातला कुठलाही शहाणा माणूस पडद्याला हात लावत नाही, कारण तिथे "थांबा" लिहिलेलं असतं.

कोण आहे तो मूर्ख, मी परतीच्या रिक्षात दात-ओठ खात विचार करत होते, ज्याने पडद्याच्या ड्रायव्हरमध्ये दशांश वापरले? ड्रायव्हर म्हणजे कर्नलचा तो तुकडा, जो पडद्यावरचा स्पर्श वाचतो. तोच मध्ये शिरून वाट्या वापरत होता आणि झाकत नव्हता. एवढा साधा नियम. पहिल्या दिवशी सांगतो आम्ही.

घरी गेल्यावर मी चपलाही न काढता ती फाइल उघडली. स्पर्शाची जागा थरथरू नये म्हणून कुणीतरी जुना आकडा शून्य दशांश सातने आणि नवा शून्य दशांश तीनने गुणून बेरीज केली होती. दशांश. कर्नलमध्ये. कंपायलर, म्हणजे आमचा प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा, तो असल्या गोष्टीला साफ नकार देतो. म्हणून त्याचं तोंड बंद करणारी एक ओळही त्या एका फाइलपुरती घातलेली होती. खाली टीप: "तात्पुरतं. नंतर सुधारणे." त्याखाली नाव.

नाव माझं होतं. अकरा वर्षांपूर्वीचं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या काखेत कळसा नव्हता, अख्खं देऊळ होतं. मला आठवलंही. प्रदर्शन दोन दिवसांवर होतं, पडदा थरथरत होता, आणि मी म्हटलं होतं, एका गुणाकाराने काय आभाळ कोसळणार आहे? नाही कोसळलं. कारण तेव्हा रक्ताचं गणित वेगळ्या चिपवर व्हायचं, तिच्या वाट्या वेगळ्या. आदल्या वर्षी नव्या मॉडेलमध्ये आम्ही ती चिप काढून सगळं एकाच प्रोसेसरवर आणलं. तेव्हा पडद्याचा ड्रायव्हर कुणी उघडून पाहिला नाही. मीच सांगितलं होतं, तो जुना आहे, उत्तम चालतोय, त्याला हात लावू नका.

आणि दुरुस्ती? सातने गुणायचं, तीनने गुणायचं, बेरजेला दहाने भागायचं. पूर्णांकांत. चौथीतली पोर करेल. अकरा वर्षांपूर्वी मला तेवढं सुचलं नाही, किंवा सुचलं आणि कंटाळा केला. चार ओळी बदलायला मला जितका वेळ लागला, त्याहून जास्त वेळ मी त्या ओळींकडे नुसती बघत बसले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या संध्याकाळी कुणी माझ्या वाटेला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाने माझं सगळं ऐकून घेतलं, सुस्कारा सोडला आणि रुग्णालयाला पाठवायचा अहवाल स्वतःच टाइप करायला बसला. मी खुर्चीमागून वाचलं. "दोषाचे कारण: गणन सुरू असताना वापरकर्त्याने पडद्यास अनावश्यक स्पर्श केला."

"हे काय आहे?"

"खरं आहे ते. 'थांबा' लिहिलेलं असताना हात लावलाच का?"

"अरे, पडदा हात लावण्यासाठीच असतो!"

"तळवा? नमस्कार? अगं, एकविसाव्या शतकात मेडिकल यंत्राला कोण नमस्कार करतं? उद्या नारळ फोडतील."

मी त्याचा दंड धरला आणि त्याला सर्व्हर ठेवलेल्या खोलीत नेलं. तिथल्या सगळ्यात मोठ्या सर्व्हरच्या दारावर गेल्या दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक अजून होतं, आणि वर वाळून कोळसा झालेलं झेंडूचं फूल तारेत अडकलेलं. स्वस्तिक त्यानेच काढलं होतं. नारळ मी फोडला होता, खाली खोकेवाल्यांच्या पायरीवर, कारण वर लादी खराब होते.

"ते वेगळं," तो म्हणाला.

"काय वेगळं?"

"आपण चालू गणितात नाही काढत स्वस्तिक."

"हे वाक्य लिहिलंस तर त्या बाईची नोकरी जाईल. रुग्णालयाला तेवढंच हवंय. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"आणि चूक आपली म्हटलं तर? सगळीकडच्या मशीन परत तपासाव्या लागतील. आपली वाट लागेल, कळतंय का तुला?"

"लागायलाच पाहिजे. मशीन चुकतेय तर तपासायला नको?"

आम्ही बरंच भांडलो. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पंचवीस वर्षांची ओळख असली की माणसं कुठल्या कुठल्या गोष्टी उकरून काढतात. शेवटी मी त्याला म्हटलं, फाइलमध्ये माझं नाव आहे, अहवालावरही माझंच घाल. मी लिहिलं: पडद्याच्या ड्रायव्हरमध्ये अकरा वर्षांपूर्वी मी केलेली चूक. वापरकर्त्याचा दोष नाही. तंत्रज्ञ बाईंनी हा दोष फोनवर अचूक वर्णन करून सांगितला होता, मी ऐकला नाही. सही केली. तो म्हणाला, "शेवटचं वाक्य कशाला? कुणी विचारलंय?" मी म्हटलं, राहू दे. राहिलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही सगळ्यांनी मिळून मुंबईभर आणि बाहेरही यंत्रं दुरुस्त केली. घाटकोपरच्या यंत्राचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. मेमो मागे घेतल्याचं आणि कंत्राट वाढवल्याचं पत्र तोवर आलं होतं. एलबीएस रोड अजून खणलेलाच होता, पण त्या दिवशी मला रिक्षात बसूनही बरं वाटत होतं. मनात मी तो प्रसंग रंगवतही होते. बाई हसेल, चहा मागवेल, मी म्हणेन, आता खुशाल ठेवा हात.

चहा तिने मागवला. नवा प्रोग्राम चढला, यंत्र पुन्हा सुरू झालं. जुना नमुना ठेवला, "थांबा" आलं. मी म्हटलं, "ताई, ठेवा हात."

तिने दोन्ही हात एप्रनच्या खिशांत घातले.

"अहो, ठेवा. आता काही होत नाही. तेच तपासायचंय."

"तुम्हीच ठेवा मॅडम."

"चूक तुमच्या हाताची नव्हती. माझी होती. लिहून दिलंय मी."

"होय. साहेबांनी वाचून दाखवलं." तिचा आवाज अगदी साधा होता. "पण मॅडम, मी हात ठेवला नसता तर त्या आजोबांचा आकडा बरोबर आला असता ना?"

आला असता. सातही जणांचा आला असता. कुठल्याही इंजिनीअरने हेच उत्तर दिलं असतं, आणि ही बाई पहिल्या फोनपासून माझ्याशी जे बोलली होती ते सगळं असंच बिनचूक होतं.

"तसं नसतं ते," मी म्हणाले. मग ओटा, वाट्या, पिठीसाखर, सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं. कळलंही, मध्ये एकदा तिनेच विचारलं, "म्हणजे झाकण ठेवायचं राहिलं?" मी म्हटलं, "हो, माझं राहिलं." ती "हं" म्हणाली.

मग मीच तळवा टेकवला. दहा वेळा, वीस वेळा. मी देव वगैरे फारसं मानत नाही, आणि घाटकोपरच्या त्या खोलीत रक्ताच्या यंत्राच्या तोंडावर हात ठेवून मी उभी होते, पुनःपुन्हा. आकडा एकदाही हलला नाही. माझं काम झालं होतं. मला स्वतःचा इतका राग याआधी कधी आला नव्हता, कारण दुरुस्त करायला आता एकही ओळ उरली नव्हती.

मी लॅपटॉप बंद करत असताना वॉर्डातून एक नळी आली. बाळंतीण होती, रक्त फार गेलं होतं, आया घाईत सांगून गेली. बाईने नळी आठ-दहा वेळा वर-खाली केली, ठेवली, बटण दाबलं आणि दोन पावलं मागे सरकली. पडद्यावर "थांबा" आलं. "सांभाळ रे म्हाराजा," ती लांबूनच म्हणाली. तिचे हात खिशातच होते.